कॅमेरा कुणाच्या हाती द्यावा?

नांदेडच्या नव्या मोंढ्यातला किंवा लातूरच्या गंजगोलाईतला व्यापारी जाहिरातीला कधी बिचकला नाही. दिवाळीला कॅलेंडरे वाटणे, हमरस्त्यालगतच्या भिंती रंगवून घेणे, माळेगावच्या यात्रेत तंबू ठोकणे, रिक्षावर भोंगा लावून ती गावभर फिरवणे, हे सारे तो पिढ्यान्‌पिढ्या करत आला. पुढे थिएटरात मध्यंतराला काचेची स्लाईड आली. ती उलटी लागली की पुढच्या रांगांतून शिट्ट्या पडत, पण दुकानाचे नाव पक्के लक्षात राही. मग केबल आली आणि पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी आली. यांतल्या कशासाठीही त्याला फार डोके चालवावे लागले नाही. पेंटर ठरलेला, भोंगेवाला ठरलेला आणि दरही ठरलेला.

व्हिडिओने मात्र त्याची पंचाईत केली आहे. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि घरोघरच्या हातात पडदा आला. आता साडीच्या दुकानाला व्हिडिओ हवा, दवाखान्याला हवा, पेरणीयंत्र बनवणाऱ्या वर्कशॉपला हवा आणि शिकवणी वर्गाला तर हवाच हवा. पण तो करून कुणाकडून घ्यायचा? मराठवाड्यातल्या व्यापाऱ्यांसाठी जाहिरातीचा मजकूर लिहून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो. पूर्वी लोक विचारत, ‘साहेब, पाटीवर काय लिहावं?’ आता विचारतात, ‘साहेब, हे काम कुणाला द्यावं?’ तीन ठिकाणची कोटेशने समोर ठेवतात. एकाचा आकडा दुसऱ्याच्या दहापट असतो आणि तिघांच्याही कागदावर ‘उत्कृष्ट दर्जा’ हेच शब्द असतात.

आपल्या दोन शहरांत हे काम करणारे साधारण तीन तऱ्हेचे लोक आहेत. पहिला आपला लग्नाचा शूटिंगवाला. त्याला कमी लेखण्याची एक फॅशन आहे, ती मला पटत नाही. अक्षता पडण्याचा क्षण एकदाच येतो, नवरीच्या आईच्या डोळ्यांत पाणी एकदाच येते, आणि मांडवातल्या गर्दीत, मे महिन्याच्या उन्हात, मध्येच वीज गेली तरी हा माणूस ते टिपून आणतो. नवशिक्याला ते जमायचे नाही. अडचण वेगळीच आहे. लग्नाला गोष्ट तयार असते. हळद, सीमांतपूजन, अक्षता, पाठवणी असा क्रम पुरोहिताने आधीच लावून दिलेला असतो. डाळ मिलला असा पुरोहित नसतो. तिथे गोष्ट शोधावी लागते, आणि ती शोधायची सवय या माणसाला नसते. दुसरे लोक पुण्या-हैदराबादहून येणारे. त्यांचे सामान भारी, बोलणे भारी आणि बिलही भारी. तिसरी आपल्याच भागातली तरुण पोरे. कुणी माध्यमांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला, कुणी नुसता मोबाइलवर शिकलेला. यांच्यात हिरे आहेत आणि गारगोट्याही आहेत.

लातूरच्या एमआयडीसीत एका अप्पांची तुरीची डाळ मिल आहे. धाकट्या मुलाच्या लग्नाचे शूटिंग ज्याने केले त्यालाच त्यांनी मिलच्या व्हिडिओचे काम दिले होते. तयार झालेला व्हिडिओ त्यांनी मला दाखवला. सुरुवातीला आकाशातून मिलचे पत्रे दिसतात. मग गेट सावकाश उघडते. मग अप्पा पांढऱ्या कपड्यांत मोटारीतून उतरतात, खुर्चीत बसतात आणि बंद फोन कानाला लावून हसतात. पाठीमागे सनई. साडेचार मिनिटांत डाळीचा एक दाणा नीट दिसत नाही. घरातल्या बायका-मुलांना तो फार आवडला होता, आणि त्यात नवल नाही, तो घरचाच अल्बम होता.

मी अप्पांना विचारले, ‘हे बघणार कोण?’

‘लोक बघतील की.’

‘कोणते लोक? तुमची डाळ घेतं कोण?’

अप्पा थोडा वेळ गप्प राहिले. त्यांचा माल किरकोळीने विकलाच जात नाही. बाहेरच्या राज्यांतले ठोक खरेदीदार पोत्यांनी उचलतात. त्या माणसाला अप्पांची मोटार बघायची नाही. तूर कशी साफ होते, सॉर्टेक्सवर काळा दाणा कसा बाजूला पडतो, डाळ नीट वाळलेली आहे का, फटका डाळ एकसारखी आहे का, पोत्याची शिलाई आणि वजन कुणाच्या नजरेखाली होते, हे त्याला बघायचे आहे. म्हणजे व्हिडिओ हवा होता एका प्रकारच्या शंभर-दोनशे माणसांसाठी, आणि केला गेला साऱ्या जगासाठी.

दुसऱ्या खेपेला नांदेडचा एक मुलगा आला. पहिल्या दिवशी त्याने कॅमेराच आणला नाही. अप्पांना ते फारसे रुचले नाही. ‘मोकळ्या हातानं आलाय हा’ असे त्यांनी मला फोन करून सांगितले. तो दोन तास मिलमध्ये बसला, मुनीमजींशी बोलला, हमालांबरोबर चहा प्यायला. जाताना त्याने तीन गोष्टी सांगितल्या. रोलर चालू असताना त्या हॉलमध्ये कुणाचे बोलणे ध्वनिमुद्रित होणार नाही, म्हणून अप्पांनी वाळवणाच्या अंगणात, सकाळी मशीन सुरू होण्यापूर्वी बोलावे. फोन कानाला लावण्याऐवजी त्यांनी ओंजळीत डाळ घ्यावी आणि रोज ती हातात घेऊन काय बघतात तेवढेच सांगावे. आणि व्हिडिओ दोन मिनिटांचा असावा, कारण खरेदीदार तो दुकानात गिऱ्हाईक समोर असताना फोनवर बघणार आहे, बहुधा आवाज बंद करून, तेव्हा मुख्य गोष्टी अक्षरांत लिहून दिसल्या पाहिजेत. त्याचे पैसे आधीच्यापेक्षा थोडे जास्त झाले. आता अनोळखी खरेदीदाराचा फोन आला तर तो ‘तुमची फर्म कोणती’ इथून सुरुवात करत नाही, थेट ओलाव्याचे आणि भावाचे विचारतो, एवढा फरक अप्पा सांगतात.

कॅमेऱ्याआधी डोके चालवण्याचे हे शहाणपण आपल्या मुलखाला नवे नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यम्सन कॅमेरा घेऊन परतले तेव्हा त्यांच्याजवळ कल्पना होती, भांडवल नव्हते. सावकाराला चलच्चित्र म्हणजे काय ते कसे पटवायचे? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोखला आणि सुमारे महिनाभर रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर मिनिटभरात बी फुटले, कोंब वर आला, वेल वाढली. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ओळखली जाणारी ही छोटी फिल्म पाहून यशवंतराव नाडकर्णींनी पैसे पुढे केले, घरातून सरस्वतीबाईंनी दागिने दिले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. भारतातला पहिला व्यावसायिक व्हिडिओ कोणता, असे कुणी विचारले तर मी त्या वाटाण्याचे नाव सांगेन. बघणारा एक, त्याची शंका एक आणि तिचे उत्तर एक. त्यात फाळक्यांनी स्वतःचा चेहरा दाखवला नाही. पुढे याच फाळक्यांनी तळेगावच्या काच कारखान्यावरही छोटा माहितीपट केला. पैसा फंडातून, लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून उभा राहिलेला तो कारखाना. लोकांचा पैसा कुठे गेला ते लोकांना पडद्यावर दाखवायचे, याहून सरळ कारण कुठल्या व्हिडिओला असणार?

दुसरे उदाहरण शेजारच्या गुजरातेतले आहे आणि ते आपल्या दूध संघांनी तर जरूर बघावे. १९७६ च्या ‘मंथन’ची निर्माती कुणी सिनेकंपनी नव्हती. पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाख उभे राहिले. काम दिले श्याम बेनेगलांना. बेनेगल जाहिरातीच्या धंद्यातून आलेले, पण त्यांना निवडण्यामागे एवढेच नव्हते. त्याआधी त्यांनी दुग्धविकासावर माहितीपट केले होते. म्हणजे गोठा, दुधाची फॅट, संकलन केंद्रावरची रांग आणि त्या रांगेतले जातीचे राजकारण हे सगळे त्यांनी बघून झालेले होते. डॉ. कुरियन यांनी नुसता चांगला दिग्दर्शक निवडला नाही, आपला धंदा ठाऊक असलेला दिग्दर्शक निवडला. पुढे नव्या भागांत सहकारी संस्था काढताना ही फिल्म गावोगाव दाखवली गेली.

तेव्हा कोटेशन हातात घेऊन बसलेल्या माझ्या व्यापारी मित्रांना मी पहिल्यांदा सांगतो की, त्या माणसाने केलेल्या कामांचे तुकडे जोडून बनवलेली चकचकीत फीत बघू नका. तीन मिनिटांत तीस कामांचे सर्वोत्तम क्षण असतात आणि वर ढोल-ताशा. तशी फीत कुणाचीही चांगलीच दिसते. त्याच्याकडून एक अख्खा व्हिडिओ मागा, शक्यतो तुमच्यासारख्याच धंद्याचा, आणि तो एकदा आवाज बंद करून बघा. काय विकले जात आहे ते कळते का? मग डोळे मिटून ऐका. बोलणारा विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो का, पंख्याची घरघर येते का? कॅमेरा आता सगळ्यांकडे चांगला आहे, आवाजाची काळजी मात्र फार थोडे लोक घेतात. कॉलरला लावायचा छोटा माईक आहे का, एवढा एक प्रश्न विचारला तरी माणूस कळतो. शेवटी तो व्हिडिओ ज्याचा आहे त्या मालकाला फोन करा. काम चांगले झाले का हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. दिलेल्या तारखेला मिळाले का आणि दुरुस्ती सांगितल्यावर फोन उचलला का, हे विचारा.

भाषेचा मुद्दा पुण्याहून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यात तेलुगू बोलणारे गिऱ्हाईक आहे. उदगीर-निलंगा बाजूला कन्नड कानावर पडते. नांदेड शहरात तख्त सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून भाविक येतात, त्यांच्यासाठी हॉटेलवाल्याला हिंदी-पंजाबी लागते. जुन्या निजामी मुलखाची ही खिचडी आहे आणि ती आपल्याला गोड लागते. अशा ठिकाणी बातम्या वाचल्यासारख्या स्वच्छ प्रमाण मराठीत ‘आपल्या सेवेत सदैव तत्पर’ असे कुणी म्हणू लागले की गिऱ्हाईक म्हणते, हे दुकान आपल्यासाठी नाही. उलट टोकही आहे. ‘काय करायलाव?’ असे दोनदा म्हणवून घेऊन मराठवाडी माणसाला विनोदी पात्र करणारे व्हिडिओ अलीकडे फार निघतात. बघणारा हसतो, फॉरवर्ड करतो आणि माल शेजारच्या दुकानातून घेतो. मालक बोलतो तसे त्याला बोलू द्यावे, इतके साधे आहे हे. पण समोर कॅमेरा आल्यावर माणसाला त्याच्यासारखेच बोलू देणे ही कला आहे आणि ती असलेला मनुष्य मिळाला तर त्याला थोडे जास्त पैसे द्यावेत.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. लातूरमध्ये सगळ्यांत जास्त व्हिडिओ निघतात ते शिकवणी वर्गांचे. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या नावांभोवती उभा राहिलेला ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्रभर गाजला आणि आज वैद्यकीय-अभियांत्रिकीच्या तयारीसाठी दूरदूरची मुले इथे खोली करून राहतात. मुखेड-कंधारकडच्या एखाद्या खेड्यात दहावीचा निकाल लागतो आणि आई-बाप फोनवर हे व्हिडिओ बघायला बसतात. फी, खोली, मेस मिळून जो आकडा होतो तो कोरडवाहू शेतीतून निघत नाही. कुणी सोने गहाण ठेवतो, कुणी जमिनीचा तुकडा देतो. तेव्हा दोन मिनिटांच्या त्या व्हिडिओत कोण हसत उभा आहे आणि ते खरे किती, याला फार किंमत आहे.

एका वर्गचालकांनी मला मजकुरासाठी बोलावले होते. व्हिडिओ करणारी मंडळी समोर होती. त्यांचा बेत असा की, ज्या मुलांनी फक्त शेवटची सराव परीक्षा त्या वर्गात दिली त्यांनाही दोन वर्षांचे विद्यार्थी म्हणून दाखवायचे आणि शेवटी ‘प्रवेशाची खात्री’ असे मोठ्या अक्षरांत लिहायचे. ‘सगळेच करतात’ असे वर सांगितले गेले. मी ते काम घेतले नाही, पण तो वर्ग आणि ती मंडळी दोघांचेही बरे चालले आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. निवडीची किंवा नोकरीची खात्री देता येत नाही. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव, फोटो किंवा मनोगत वापरायचे तर त्याची लेखी संमती हवी, आणि तीही निवड झाल्यानंतर घेतलेली, प्रवेशाच्या फॉर्मवर आधीच सही करून घेतलेली चालत नाही. त्याने कोणता अभ्यासक्रम, किती काळ केला, पैसे भरून केला की फुकट, तेही सांगावे लागते. खुलासा बारीक अक्षरात कोपऱ्यात टाकायचा नाही, दाव्याच्याच आकाराच्या अक्षरात द्यायचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तो व्यवसायाच्या मालकाला भरावा लागतो, तेव्हा ‘शूटिंगवाल्यानं टाकलं, मला माहीत नव्हतं’ ही सबब फार कामाची नाही. म्हणून निवड करताना मी एक प्रश्न मुद्दाम विचारायला सांगतो: या मुलांची संमतीपत्रे कोण घेणार, तुम्ही की आम्ही? ज्याच्या कपाळावर आठी पडते त्याला नमस्कार करावा. लातूरमध्येच एका मुलीने, वय वर्षे चोवीस असेल, हा प्रश्न विचारण्याआधी फॉर्मचा नमुना टेबलावर ठेवला होता. तिचे ऑफिस म्हणजे एक खोली आणि एक संगणक.

बियाणे आणि औषधे विकणाऱ्यांनाही हेच लागू आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा ढीग पडला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. दुबार पेरणी ज्याच्या नशिबी आली त्या शेतकऱ्याला हिरव्यागार शेतात नाचणारी माणसे दाखवायची म्हणजे जखमेवर मीठ. चांगला व्हिडिओवाला विचारेल, हे शेत कुणाचे, पेरणी कधीची, आणि शेतकरी नावानिशी बोलायला तयार आहे का.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असे आहे की, मोबदला देऊन कुणाकडून फिल्म करवून घेतली तर, उलट करार नसल्यास, पहिला मालक करवून घेणारा असतो. पण भांडण होते ते न वापरलेल्या चित्रणावरून. पुढच्या वर्षी तुम्हाला त्यातले दोन तुकडे हवे असतात आणि तोवर ते पुसले गेलेले असतात किंवा त्यांचे वेगळे पैसे मागितले जातात. सगळे चित्रण हार्ड डिस्कवर मिळेल, असे कोटेशनमध्येच लिहून घ्यावे. किती दुरुस्त्या त्याच पैशांत होतील आणि आडवा-उभा असे दोन्ही आकार मिळतील का, तेही. सिनेमातले गाणे मागे टाकायचे नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षे चालतो आणि परवानगी नसली तर तुमचा व्हिडिओच उतरवला जातो. ड्रोन उडवणार असतील तर २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणी आणि चालकाचे प्रमाणपत्र आहे का ते बघा. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे विमानतळ आहे, त्याच्या आसपास परवानगीशिवाय उडवता येत नाही. पैसे तीन हप्त्यांत द्या आणि शेवटचा हप्ता व्हिडिओ हाती आल्यावर. जीएसटीची नोंदणी तुमची असेल तर पक्के बिल मागा.

राहिली तारीख. आपल्याकडे लोक जुलैत फुरसत असते म्हणून शूटिंग ठरवतात, तेव्हा मिल बंद असते आणि व्हिडिओत झाकलेली यंत्रे दिसतात. सोयाबीनवाल्यांनी दिवाळीच्या आगेमागे आवक असते तेव्हा करावे, पण तुळशीचे लग्न लागायच्या आत, कारण त्यानंतर कॅमेरावाले मांडवात अडकतात. तुरीवाल्यांचे नशीब बरे. नवी तूर बाजारात यायला लागते तेव्हा बहुधा पौष असतो, पौषात लग्ने नसतात आणि गावातला सगळ्यांत चांगला कॅमेरामन रिकामा बसलेला असतो.